एका दिवसात सत्तर नको : सोलापूर–तामलवाडी सायकल राइडचं प्रकरण

मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी पावणेदहाला आमच्याकडे ७१ जणांची यादी होती. रक्तपेढीची गाडी होती, आठ माणसांचं पथक होतं, चार खाटा मांडलेल्या होत्या आणि चारही रिकाम्या होत्या. यादीतले बहुतेक जण दहा-पंधरा फुटांवर लिंबाच्या सावलीत बसून केळी खात होते. रक्त द्यायला सगळे तयार. घ्यायला डॉक्टरबाई तयार नव्हत्या.

थॅलेसेमियाच्या मुलांसाठी काढलेल्या आमच्या पहिल्या राइडचं हे प्रकरण. हिशेब माझ्याकडे होता, त्यामुळे वह्या आणि पावत्या अजून माझ्याच कपाटात आहेत. अशी राइड काढू म्हणणारी दोन-तीन मंडळी अलीकडे भेटली, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय. आमचं जे चुकलं ते आधी.

सुरुवात

आम्ही पंधरा-वीस जण रविवारी पहाटे पार्क चौकात जमतो. कुणी शिक्षक, कुणी मेडिकलवाला, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. होटगीकडे किंवा तुळजापूर रोडला जायचं, चहा प्यायचा, नऊच्या आत घरी. यात समाजसेवा वगैरे काही नव्हतं.

आमच्या सगळ्यांच्या सायकली पूर्वभागातला एक मेकॅनिक बघतो. सगळा गाव त्याला अण्णा म्हणतो, आम्हीही म्हणतो. गिअर सेट करण्यात त्याचा हात धरणारा सोलापुरात नाही असं माझं मत आहे. दर तिसऱ्या आठवड्याला एक दिवस त्याचं दुकान बंद असायचं. वार ठरलेला नाही, सण नाही, काही नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, दुकान कधी उघडं असतं ते पंचांगात बघायचं का?" तर तो चेन पुसत म्हणाला, "पोरीला रक्त चढवायला जालालतो सर. दिवसभर तिकडंच."

पोरगी सात वर्षांची. आठ महिन्यांची असताना कळलं. थॅलेसेमिया मेजरमध्ये हिमोग्लोबिनची एक साखळी शरीरात पुरेशी तयारच होत नाही, तांबड्या पेशी लवकर मरतात. जन्मताना मूल चांगलं असतं, कारण पोटात असतानाचं वेगळं हिमोग्लोबिन काही महिने टिकतं. ते ओसरलं की मूल पांढरंफटक पडायला लागतं. मग आयुष्यभर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांनाही 'मायनर' असेल, तरच मेजर मूल होतं. आणि तेव्हाही प्रत्येक बाळंतपणात शक्यता चारात एक. मायनर माणसाला स्वतःला काही होत नाही. अण्णाची बायको त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडं हे नातं काय नवीन नाही, पण घराण्यात हा दोष असेल तर तो दोन्हीकडून एकत्र यायची शक्यता अशा लग्नात वाढते. हे त्यांना मुलगी झाल्यावर समजलं. त्याच्या आईनं अर्थातच सुनेला बोल लावला. निम्मा दोष मुलाकडूनही आलाय, हे सासूला समजावून सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. डे-केअरमध्ये सहा खाटा, पाचांवर मुलं. अण्णाची लेक मांडीवर चित्रांची वही घेऊन डाव्या हातानं रंगवत होती, कारण उजव्या हाताला सुई. आमच्याकडे लोक अजून 'रक्ताची बाटली' म्हणतात, असते ती प्लास्टिकची पिशवी. ती रिकामी व्हायला तीन-चार तास लागतात. घाई केलेली चालत नाही. तिची आई मला म्हणाली, "रिपोर्टच्या आधी आमाला नखावरनं कळतंय. नखं पांढरी पडली, पोरगी जिन्यात बसाय लागली की समजायचं, आलं जवळ." त्या दिवशी पिशवी मिळायला दुपारचा एक वाजला होता, कारण बी पॉझिटिव्ह शिल्लक नव्हतं.  उन्हाळ्यात हे असंच असतं असं तिथल्या सिस्टर अगदी सहज म्हणाल्या. पाऊस जूनमध्ये येतो म्हणावं, तितक्या सहज.

दुसरा त्रास लोखंडाचा. एका पिशवीबरोबर अंगात साधारण २०० मिलिग्रॅम लोह जातं, आणि ते बाहेर टाकायची सोय निसर्गानं माणसाला दिलेली नाही. दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम जातं तेवढंच. उरलेलं यकृतात आणि हृदयात साठतं. त्यासाठी रोज गोळी, पाण्यात विरघळवून, उपाशीपोटी. पोरीला ती चव आवडत नाही. रोज सकाळी त्या घरात त्यावरून भांडण होतं.

तिथून परत येताना ठरलं, काहीतरी करायचं. आम्हाला येत होतं ते एकच: सायकल चालवणं.

'तू फिरणार, पैसे मी का देऊ?'

परदेशात अशा राइडची एक रीत आहे. तुम्ही अमुक किलोमीटर सायकल चालवणार, तुमचे ओळखीचे लोक त्याबद्दल देणगी देतात, किलोमीटरमागं इतके असा शब्द देतात. आमच्यातल्या एकाचा भाऊ इंग्लंडमध्ये आहे, त्यानं हे डोक्यात भरवलं. आम्ही तसे फॉर्म छापले.

नवी पेठेतल्या एका कापड दुकानदारानं फॉर्म पुढून बघितला, मागून बघितला आणि विचारलं, "सायकल तू चालवणार. हवा तू खाणार. पोट तुझं कमी होणार. मग पैसे मी का देऊ बे?" मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला अजूनही वाटतं की त्याचा प्रश्न रास्त होता.

वाट आमच्या आईनं काढली, तीही चेष्टेत. फॉर्म बघून म्हणाली, "कुणाचा नवस फेडालालास?" कोजागिरीला सोलापुरातून हजारो माणसं रूपाभवानीवरून अनवाणी तुळजापूरला चालत जातात. रस्त्यात लोक त्यांचे पाय चेपतात, चहा-फराळ देतात, मलम लावतात. देणाऱ्यातला कुणी विचारत नाही की चालणार तू, मी केळी का देऊ. चालणाऱ्याच्या कष्टात आपला वाटा असावा एवढीच त्यामागची बुद्धी. आमची राइडही त्याच रस्त्यानं जाणार होती. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही फॉर्म घरी ठेवले आणि लोकांना सांगायला लागलो: एका पोरीसाठी तुळजापूरच्या रस्त्यानं चाललोय, कोजागिरीला देता तसं द्या. त्याच दुकानदारानं २,१०० रुपये दिले. वर म्हणाला, "आधी असं नीट सांगायचं की."

किलोमीटरमागं पैसे देणारे अख्ख्या मोहिमेत चार जण निघाले. चौघंही पुण्यात राहतात.

पैसे कुणाच्या नावानं

इथं आम्ही वाचलो ते आमच्या एका वकील मित्रामुळे. सुरुवातीला सगळे पैसे माझ्या फोनवर येणार होते, क्यूआर कोड माझा. त्यानं विचारलं, उद्या कुणी म्हणालं की अकाउंटंटनं खाल्ले, तर? आपल्याकडे धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे आणि नोंदणीकृत संस्था नसेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणपती मंडळांना हे पाठ असतं, आम्हाला माहीतच नव्हतं. शेवटी थॅलेसेमियासाठी काम करणारी शहरातली एक नोंदणीकृत संस्था गाठली. देणग्या थेट त्यांच्या खात्यात, पावत्या त्यांच्या. त्यांनी ते पैसे कशावर खर्च करायचे हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या: निम्म्याच्या आसपास तपासण्यांना, उरलेले औषधं आणि रक्त चढवताना लागणाऱ्या फिल्टरना. (प्राप्तिकरात सवलत देणारी ८०जीची पावती सगळ्यांनी मागितली. दोन हजारांच्या वर रोख दिली तर ती सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला तर मिळतच नाही, हे सांगताना माझा घसा बसला.)

नोंदणी फी ५०० रुपये. ११२ जण आले, म्हणजे ५६,००० जमा. खर्च असा: टी-शर्ट २३,५२०, मेडल ७,२८०, नाश्ता ९,०००, पाणी-केळी-ओआरएस ६,४००, फ्लेक्स ४,२००, अँब्युलन्सचं डिझेल १,५००. एकूण ५१,९००. उरले ४,१००. म्हणजे ११२ माणसांनी भरलेल्या फीतले माणशी छत्तीस-सदतीस रुपये मुलांपर्यंत गेले. बाकी सगळं आमच्याच अंगावर, गळ्यात आणि पोटात. देणग्या मात्र १,३७,५०० जमल्या आणि त्यातला रुपयाही आम्ही खर्चाला वापरला नाही. संस्थेकडे गेलेली रक्कम १,४१,६००. हा हिशेब आम्ही छापून सगळ्यांना पाठवला. टी-शर्टचा आकडा बघून दोघं नाराज झाले. व्हायलाच पाहिजे होतं.

तारीख

८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन. राइड त्याच्या जवळच्या रविवारी घ्यायची असं संस्थेचं म्हणणं. आमच्यातले निम्मे विरोधात: सोलापूरचा मे म्हणजे दुपारी बेचाळीसच्या पुढं, कुणाला मारायचंय का? दुसरी बाजू म्हणाली, पहाटे सव्वापाचला निघू, साडेआठला परत. आणि रक्ताची टंचाई मेमध्येच असते, तर शिबिरही त्याच दिवशी घेऊ. राइड संपली की शिबिर, एका दगडात दोन पक्षी.

हा पक्षी माझा होता. बैठकीच्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. टाळ्या पडल्या होत्या.

मार्ग पार्क चौक, रूपाभवानी, तुळजापूर नाका, उळे, कासेगाव, तामलवाडी आणि त्याच रस्त्यानं परत; जाऊन-येऊन पंचेचाळीसच्या आसपास. तुळजापूरपर्यंत नेलं असतं तर घाट लागला असता, नव्या माणसांना तो झेपला नसता. तामलवाडी धाराशिव जिल्ह्यात येते हे परवानगीच्या वेळी लक्षात आलं. सोलापूर शहर, सोलापूर ग्रामीण आणि धाराशिव, असे तीन पोलिसांचे तीन अर्ज. हे आधी कळलं असतं तर आम्ही अलीकडेच वळलो असतो.

राइडचा दिवस

सव्वापाचला १०९ जण हजर. झेंडा दाखवायला पाहुणे बोलावले होते. ते सहा वाजून दहा मिनिटांनी आले. मग भाषण. मग फोटो. मग ज्यांचा फोटो राहिला त्यांचा फोटो. चाक हललं तेव्हा सहा पंचवीस झाले होते आणि पूर्वेला तांबडं फुटून गेलं होतं. सत्तर मिनिटं. पुढं जे झालं त्यातलं निम्मं या सत्तर मिनिटांत आहे.

जाताना मजा आली. वारा पाठीशी, रस्ता गुळगुळीत. पंक्चर सोळा झाली. कडेच्या पट्टीवर सराटा आणि वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात आणि घोळक्यात नवशिका माणूस नेमका कडेला जातो. अण्णा टेम्पोत बसून मागं होता. त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. ट्यूब बदलण्याआधी तो टायरच्या आतून बोट फिरवतो, हळू, डोळे मिटून. काटा तिथंच अडकलेला असतो आणि तो न काढता नवी ट्यूब घातली की शंभर मीटरवर पुन्हा फुस्स. एका टायरमधून त्यानं नखानं तीन काटे काढले आणि त्या पोराच्या हातावर ठेवले. "घरी दाखव, सांग तुळजापूरचा प्रसाद."

परतताना वारा तोंडावर आला आणि तो गरम होता. पावणेनऊच्या सुमाराला कासेगावच्या अलीकडं इंजिनिअरिंगचा एक मुलगा सायकलवरून उतरला, दोन पावलं चालला आणि बसला. मग आडवा झाला. रात्री दीडपर्यंत आयपीएल, सकाळी पोटात काही नाही, एवढं सगळं तो नंतर बोलला. अंग तापलेलं, ओकारी, पाय वळत होते. अँब्युलन्स त्याच्यापासून डोळ्यांनी दिसत होती, पण दुभाजकाच्या पलीकडं. शेवटच्या माणसामागं राहायचं तिला सांगितलेलं, आणि शेवटची माणसं अजून जाण्याच्या बाजूला होती. वळायला जागा पुढं, दोन-अडीच किलोमीटरवर. तोवर आम्ही त्याला झाडाखाली घेतलं, पाय वर केले आणि टेम्पोतले टॉवेल पाण्यात पिळून मान, काख, जांघेत ठेवले. टॉवेल आमच्याच कारखान्याचे, विजेत्यांना द्यायला आणलेले. वीस मिनिटांत तो बोलायला लागला. दवाखान्यात सलाईन लागलं, संध्याकाळी घरी. त्याची आई फोनवर मला जे बोलली ते मी ऐकून घेतलं.

त्या दिवसाची आणखी एक चूक फार किरकोळ दिसते. पाण्याच्या ठिकाणी वीस लिटरच्या जारमध्ये पोरांनी ओआरएसच्या पाच पुड्या टाकल्या होत्या. एका पुडीला एक लिटर पाणी हे पुडीवरच लिहिलेलं असतं. वीस पाहिजे होत्या. लोक दोन-दोन ग्लास पिऊन निर्धास्त झाले होते आणि पीत होते ते जवळपास साधं पाणी.

शिबिर

आता त्या रिकाम्या खाटा.

रक्तपेढीच्या डॉक्टरबाई साठीच्या आसपासच्या, आवाज बारीक, पण बोलणं करवतीसारखं. पहिला मुलगा पुढं आला, मेडल गळ्यात.

"किती चालवलीत?"

"पंचेचाळीस, मॅडम."

"सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात?"

तो माझ्याकडं बघायला लागला.

"एकदाही नाही ना? मग रक्त कसलं देता, आधी पाणी प्या. पुढचा."

पुढचाही तसाच. दहा-बारा जणांनंतर मी मध्ये पडलो, म्हणालो मॅडम, सगळे धडधाकट आहेत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं. घाम जाऊन अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. त्यातून ३५० मिलिलिटर काढलं की रक्तदाब खाली येतो, आणि माणूस खाटेवर नाही, बाहेर दारात किंवा गाडीवर बसल्यावर चक्कर येऊन पडतो. आधी रक्त दिलं असतं तर? तेही नाही, रक्त दिल्यावर चोवीस तास असले कष्ट करायचे नसतात. म्हणजे राइड आणि शिबिर एकाच दिवशी, पुढं-मागं कसंही ठेवा, जमणारच नव्हतं. एक फोन करून हे आम्हाला महिनाभर आधी समजलं असतं. रक्तपेढीला आम्ही फोन केला होता, पण फक्त 'गाडी पाठवाल का' एवढंच विचारायला.

त्या दिवशी १४ पिशव्या जमल्या. देणारे कोण? सायकलवाल्यांचे भाऊ आणि नवरे, फ्लेक्स बांधणारे दोघं, दोन पोलीस आणि इडलीवाला. त्यानं इडल्या वाढून झाल्यावर हात पुसले आणि सरळ खाटेवर जाऊन झोपला. अकरावी वेळ होती त्याची. बायका बऱ्याच पुढं आल्या होत्या, पण सात जणी परत गेल्या. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. त्यातल्या दोघींना आपल्याला रक्त कमी आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अण्णा स्वतः रांगेत उभा होता. त्यालाही नाही म्हणाल्या. वाहक माणसाचं हिमोग्लोबिन बहुतेक वेळा काठावर असतं, त्याचंही होतं. शिवाय मुलीचं बोनमॅरो प्रत्यारोपण कधी करायचं झालं तर तिला आधी रक्ताच्या नातेवाइकांचं रक्त गेलेलं नसलेलं बरं. "मंग बापानं काय करायचं?" असं त्यानं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांना घेऊन यायचं."

दोन आठवड्यांनी मी त्यांना भेटायला रक्तपेढीत गेलो, माफी मागायला म्हणा. त्यांनी फ्रीज उघडून दाखवला. तांबड्या पेशींची पिशवी फार तर ४२ दिवस टिकते, साध्या पिशवीतलं रक्त ३५. "तुमच्या सगळ्या ७१ जणांचं घेतलं असतं," त्या म्हणाल्या, "तर मेमध्ये माझा फ्रीज भरला असता आणि जूनच्या शेवटी पुन्हा रिकामा. आणि ते ७१ जण पुढचे तीन महिने माझ्या उपयोगाचे नाहीत. पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. मला एका दिवसात सत्तर नकोत. आठवड्याला चार द्या."

मी कारखान्यात रोज स्टॉक बघतो. सूत किती दिवस पुरेल आणि पुढची गाडी कधी, हे माझं कामच आहे. तरी हे मला तोवर सुचलं नव्हतं. अण्णाच्या पोरीला वर्षाला सतरा-अठरा वेळा रक्त लागतं. एक पुरुष वर्षात जास्तीत जास्त चार वेळा देऊ शकतो. म्हणजे एका मुलीमागं नुसत्या हिशेबानं पाच माणसं, आणि आजारपण, गावाला जाणं, कावीळ, गोंदण हे सगळं धरलं तर दहा. मूल मोठं झालं की एका वेळेला दोन पिशव्या, मग माणसंही दुप्पट. पैशानं हे काही होत नाही.

तपासण्या, आणि आमची दुसरी चूक

पैशातून तपासण्या झाल्या. वाहक शोधायची तपासणी सोपी आहे. आधी साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. त्यात तांबड्या पेशी संख्येनं भरपूर पण आकारानं बारीक दिसल्या की संशय घ्यायचा, मग हिमोग्लोबिनचा ए-टू नावाचा प्रकार किती आहे ते मोजायचं. ते साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेलं की माणूस बहुधा वाहक. लोहाची कमतरता असली तरी पेशी बारीक दिसतात, म्हणून कित्येक वाहक वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात राहतात.

एका कॉलेजात १४६ मुला-मुलींची तपासणी झाली. सहा जण वाहक निघाले. रिपोर्टची पाकिटं आमच्या स्वयंसेवकांनी वर्गात नाव पुकारून वाटली. सहा पाकिटांना संस्थेनं पिवळी चिठ्ठी लावली होती, 'समुपदेशनासाठी भेटा' अशी. पाच मिनिटांत सगळ्या वर्गाला कळलं पिवळी कुणाकुणाची. त्यातल्या एका मुलीची आई दुसऱ्या दिवशी संस्थेत आली आणि खुर्चीवर बसायच्या आधी रडायला लागली. "तिचं लग्न कसं व्हायचं आता?"

समुपदेशक ताईंनी तिला काय सांगितलं ते मी शेजारी बसून ऐकलं. मुलीला रोग नाही, होणारही नाही. जन्मल्यापासून ती अशीच आहे, फक्त आता माहीत झालं. लग्न कुणाशीही होऊ दे, त्या मुलाची हीच तपासणी एकदा करून घ्या. तो वाहक नसेल तर विषय संपला. असेल तरी गर्भारपणात अकरा-बारा आठवड्यांच्या सुमाराला गर्भाची तपासणी करता येते. "पत्रिका बघतात तेव्हा हा एक कागद जास्त बघायचा," ताई म्हणाल्या. बाईचं रडणं थांबलं, पण समाधान झालं असं मला वाटलं नाही. जाताना ती म्हणाली, "आमच्या भावकीत सांगू नका." आमच्या पाकिटांनी ते आधीच सांगून टाकलं होतं.

पुढच्या वर्षीपासून रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, एकेकट्याला, बंद खोलीत. वेळ तिप्पट लागतो.

पुढचं वर्ष

राइड डिसेंबरात नेली, ९ तारखेच्या जवळच्या रविवारी. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. त्यांच्या स्मारकापासून निघायचं ठरवलं. झेंडा अण्णाच्या लेकीनं दाखवला, बरोबर सहाला. पाहुणे कुणी नव्हते, त्यामुळे उशीरही नव्हता. टी-शर्ट ज्याला पाहिजे त्यानं वेगळे पैसे देऊन घ्यायचा, मेडल बंद. ११२ चे ८४ झाले. देणग्याही ९६,००० वर आल्या. मेडल बंद केलं म्हणून लोक घटले असं आमच्यातल्या दोघांचं ठाम मत आहे आणि ते चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. हा वाद मिटलेला नाही.

शिबिर मात्र नाही. त्याऐवजी नोंदणीच्या फॉर्मवर एकच जास्तीचा रकाना: एप्रिल ते जून, कोणता आठवडा? रक्तगट आम्ही आता कुणाच्या सांगण्यावर धरत नाही. पहिल्या वर्षी 'लायसन्सवर आहे तोच' म्हणणाऱ्यांपैकी तिघांचा गट प्रत्यक्षात वेगळा निघाला होता. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत दहा आठवडे, आठवड्याला चार, म्हणजे चाळीस माणसं. यादीत ५३ आहेत, कारण गळती धरावी लागते. आदल्या दिवशी गाडी-सायकल बंद, रात्री झोप, सकाळी भरपेट नाश्ता, हे प्रत्येकाला फोन करून सांगतो. फोन करायचं काम अण्णाचं. मेसेजला लोक अंगठा दाखवतात आणि येत नाहीत. फोनवर अण्णाला नाही म्हणणं अवघड जातं, त्याच्याकडं सगळ्यांच्या सायकली अडकलेल्या असतात.

गेल्या गुरुवारी दुकानात बसलो होतो. आऊट, म्हणजे डुगडुग, काढायला मागचं चाक स्टँडवर फिरत होतं, अण्णा स्पोकची किल्ली तोंडात धरून फोन लावत होता. "सर, उद्या तुमची पाळी. ओ पॉझिटिव्ह. साडेनऊला." पलीकडून बँकेतल्या ऑडिटची काहीतरी सबब आली असावी. अण्णानं किल्ली तोंडातून काढली. "ऑडिट दुपारी असंल की. नाश्ता करून जावा. आणि तुमची सायकल तयार हाय, तिकडनं येताना घेऊन जावा. चालवू नका पण, टेम्पोत टाकतो मी."

फोन ठेवून त्यानं यादीत बारीक टिक केली आणि चाक पुन्हा फिरवून बघितलं. आऊट अजून थोडा होता.